जिनिंगचा हिशेब: महिन्याचं बोचकं की रोजची नोंद?

कापसाचा हंगाम तोंडावर आला की यवतमाळ-वर्ध्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक हमखास विचारतात: पावत्यांचं बोचकं महिन्याअखेर तालुक्याच्या हिशेबनीसाकडे द्यायचं, की जिनिंगवरच, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी होते तिथंच, माणूस बसवून रोज नोंदी करायच्या?

बोचकं स्वस्त पडतं. उलाढाल 5 कोटींच्या आत असेल आणि जीएसटीचं तिमाही विवरणपत्र निवडलं असेल, तर त्यावर निभावतंही.

त्यापुढे मात्र अवघड आहे. 5 कोटींवरच्या उलाढालीला 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवूनच काढायचं बिल, लागू झालं. 31 मार्चच्या संध्याकाळी सरकीचा ट्रक काट्यावर उभा आहे असं समजा. पूर्वी ‘हे बिल एप्रिलात धरू’ म्हटलं की काम व्हायचं. आता क्यूआर कोड घेऊनच बिल निघतं, 24 तासांनंतर ते रद्द होत नाही आणि तेलगिरणीवाल्याला ते त्याच्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, दिसतं. विक्रीचं वर्ष आपल्या सोयीनं ठरवायचे दिवस गेले.

खरेदीचंही तसंच. शेतकऱ्याच्या कापसावर रिव्हर्स चार्जचा, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं भरायचा, 5 टक्के जीएसटी कंपनीनं रोख भरायचा, मग त्याचं क्रेडिट, म्हणजे विक्रीच्या करातून वजावट, घ्यायचं. नोव्हेंबर 2024 पासून या खरेदीचं बिल कंपनीनं स्वतःच 30 दिवसांत काढावं लागतं. काट्याची पावती बोचक्यात राहिली की मुदत हुकलीच. शिवाय कंपनी कितीही लहान असो, 1 एप्रिल 2023 पासून तिच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहावीच लागते. मागाहून बसवलेला हिशेब ऑडिटरला लगेच दिसतो.

म्हणून माझं मत रोजच्या नोंदीकडे. पण नुसती बिलं चढवून भागणार नाही. विक्री पोर्टलवर दिसते, गोदाम दिसत नाही. त्यामुळे नफा कमीजास्त दाखवायचा मोह आता अखेरच्या साठ्याकडे आणि घटीकडे वळतो, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. क्विंटलभर कापसातून साधारण 33-34 किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी आणि थोडी घट. हे आकडे रोज काट्यावरच लिहिले, तर मार्चमध्ये घट किती धरायची यावर संचालकांची बैठक भरवावी लागत नाही. सभासदाच्या बोनसचा पैसा त्याच साठ्यात असतो.

गावातली बारावी-बीकॉम झालेली मुलगी हे काम महिनाभरात शिकते. तिला दिवाळीआधी बसवा, पहिली बंडी काट्यावर यायच्या आत.