बँडकॅम्पची ईमेल यादी : कलावंताच्या हाती राहणारे श्रोते

ध्वनिमुद्रण विकण्याची सोय आज पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु ते विकत घेणारा माणूस कोण आहे, हे कलावंताला कळू देणारी ठिकाणे फार थोडी आहेत. बँडकॅम्प हे संकेतस्थळ त्यांपैकी एक. गेली चार वर्षे माझ्या एकल व्हायोलिनवादनाची ध्वनिमुद्रणे मी तेथे ठेवली आहेत आणि आज त्यांच्या विक्रीपेक्षा तेथील ईमेल यादीविषयीच लिहावे असे मला वाटते, कारण वर्षाला पाच-सहा मैफली करणाऱ्या माझ्यासारख्या वादकाला जे त्या यादीने दिले, ते विक्रीच्या रकमेने दिलेले नाही.

यादीची रचना साधी आहे, पण तिच्यातला एक भेद नीट समजून घ्यावा लागतो. जो श्रोता आपल्याला नुसते ‘फॉलो’ करतो, त्याला नव्या ध्वनिमुद्रणाची सूचना बँडकॅम्प स्वतः पाठवते आणि त्याचा पत्ता आपल्याला दिसत नाही. जो श्रोता आपला पत्ता कलावंताला देण्यास संमती देतो, त्याचे नाव मात्र यादीत येते आणि ती संपूर्ण यादी सीएसव्ही फाइलच्या, म्हणजे रकान्यांच्या साध्या तक्त्याच्या रूपात आपल्याला केव्हाही उतरवून घेता येते. एखादे ध्वनिमुद्रण मोफत ठेवून, ते उतरवून घेण्यापूर्वी ईमेल पत्ता देण्याची अटही घालता येते. ही अट मी एकाच छोट्या धुनेपुरती ठेवली आहे. प्रत्येक दारावर पत्ता मागणे मला प्रशस्त वाटत नाही.

पत्ते उतरवून घेता येणे, हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे. बँडकॅम्प २००८ साली सुरू झाले, २०२२ मध्ये ते एपिक गेम्सने विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी ते साँगट्रेडर या कंपनीकडे गेले. त्या हस्तांतरात जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाची गोष्ट तर अधिक गंभीर आहे : २०१५ पूर्वी तेथे ठेवलेले संगीत नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. दुकानाचा मालक बदलला किंवा दुकान बंद झाले, तरी पत्त्यांची प्रत आपल्या संगणकावर असली की श्रोत्यांशी असलेले नाते तुटत नाही. एका समाजमाध्यमावरचे माझे पान कोणतेही कारण न कळवता बंद झाले, तेव्हा तेथील श्रोत्यांपैकी एकालाही पुन्हा गाठण्याचा मार्ग माझ्याकडे नव्हता. ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडने १९७१ सालच्या आपल्या दुहेरी तबकडीच्या वेष्टनावर श्रोत्यांना नाव-पत्ता कळवण्याचे आवाहन छापले होते. टपालाच्या काळातही गरज हीच होती.

मात्र पत्ते मिळवून देणारी ही सेवा पत्रव्यवहारासाठी पुरेशी नाही. तेथून संदेश पाठवता येतात, पण मजकूर नीट मांडलेले, मोठे पत्र पाठवायचे तर यादी मेलचिंपसारख्या वेगळ्या सेवेत न्यावी लागते, आणि तेथे यादीतून बाहेर पडलेली नावेसुद्धा, ती स्वतंत्रपणे बाजूला काढून ठेवेपर्यंत, ज्या मोजणीवर शुल्क ठरते तिच्यात धरली जातात. साध्या जीमेलवरून पाठवायचे तर दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे. माझ्या यादीला ती पुरते. पत्र किती जणांनी उघडले, या आकड्याकडे मी पाहणे सोडले आहे, कारण २०२१ पासून ॲपलच्या मेलमधील गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेले पत्रही उघडलेले दिसू शकते. उत्तरे किती आली, हेच मी मोजतो.

उत्तरे येतात ती पत्रातल्या मजकुरामुळे. ‘नवे ध्वनिमुद्रण आले आहे, अवश्य ऐका’ एवढेच लिहिलेल्या माझ्या पहिल्या पत्राला कोणीही उत्तर दिले नाही. पुढच्या पत्रात मी मियाँ मल्हार या रागाविषयी लिहिले : कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद लागोपाठ घेताना गज किती हलका ठेवावा लागतो, विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या वादनाचे पहिले मुद्रण मी का टाकून दिले आणि दुसऱ्यात मागे ऐकू येणारा पाऊस मुद्दाम का राहू दिला. त्या पत्राला आलेल्या उत्तरांत परदेशी श्रोत्यांनी विचारले, की आमच्या व्हायोलिनच्या तारा पाश्चात्त्य पद्धतीने न लावता षड्ज-पंचमात (सा-प) का लावलेल्या असतात. त्या प्रश्नातूनच माझे तिसरे पत्र तयार झाले. यादीत श्रोत्याच्या देशाचाही रकाना असतो, त्यामुळे जर्मनीतील कार्यक्रमाची तारीख मी तेथील श्रोत्यांनाच कळवू शकलो आणि सांगलीच्या श्रोत्याला त्याचा निष्कारण त्रास झाला नाही.

पैशांविषयी थोडक्यात सांगतो. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के घेते, आणि विक्री ५,००० डॉलरच्या पुढे गेली की १० टक्के. अडचण आहे ती आपल्या देशातल्या श्रोत्यांची : कलावंताला पैसे पेपॅल या ऑनलाइन देयक सेवेमार्फत मिळतात, आणि पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातील देशांतर्गत व्यवहार थांबवले आहेत. म्हणून माझ्या यादीत पुणे-कोल्हापूरपेक्षा बर्लिन आणि टोरांटो यांची नावे अधिक आहेत.

इथल्या श्रोत्यांसाठी मी मैफलीच्या दाराशी एक वही ठेवतो. ‘वर्षातून चार-पाच पत्रे पाठवीन, नको असल्यास कळवा’ असे तिच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असते, आणि ज्याने स्वतः पत्ता लिहिला त्यालाच पत्र जाते. व्हॉट्सॲपची प्रसारण यादी मी वापरून पाहिली आहे. तिची मर्यादा २५६ जणांची असून ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. मैफलीची वेळ आणि जागा कळवायला ती उत्तम आहे. मल्हाराविषयीचे पत्र मात्र ईमेलनेच जाते; वहीतले पत्ते मी दर मैफलीनंतर दुसऱ्या दिवशी बँडकॅम्पवरून उतरवलेल्या यादीला जोडून घेतो.