वेंगुर्ल्यातली रविवारची शाळा: साका की डाग?

मुलांना ख्रिस्ती धर्मशिक्षण देणारा हा वर्ग 45 मिनिटांचा, मुलं 6 ते 10 वर्षांची, फी नाही. धडा: माणूस पापी जन्मतो की होतो?

बाई ग्लासभर पाण्यात चमचाभर तांबडी माती ढवळतात: 'हे पाप.' दिसतं झकास, पण उदाहरण फसलेलं. माती बाहेरून पडते, म्हणजे पाप शिकलेलं ठरतं. पाठ करायला मात्र बायबलमधलं स्तोत्र 51:5, जे जन्मापासूनचा दोष सांगतं. चलाख पोर हे लगेच पकडतं. त्यापेक्षा दोन हापूस कापावेत. एक साका झालेला, वरून निर्दोष आणि आत पांढुरका. दुसरा पेटीत नासक्या फळाला टेकून डागाळलेला. (आंब्याच्या हंगामातच जमेल, हे खरं.) पाप जन्मतःच आत असतं, हे मत ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनचं; पहिला आंबा त्याचा. दुसरा साधारण त्याचा विरोधक पेलॅजियसचा: पहिला माणूस आदाम, त्याने वाईट उदाहरण घातलं, दोष वारशाने आला नाही. 418 साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलॅजियसचं मत फेटाळलं. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, हे सांगणारं बायबलचंच वचन, यहेज्केल 18:20, या वर्गात वगळतात. ते वाचायलाच हवं.

कबुलीचा क्रम उत्तम: काय केलं ते नेमकं सांगायचं, मोडलेलं भरून द्यायचं, मग प्रार्थना. पण कबुली सगळ्यांसमोर उभं करून घेतात आणि स्टिकर फक्त पाठांतराला. परिणामी मूल लपवायला शिकतं.

पाचपैकी तीन. धाकट्यांना जरूर पाठवा. दहाच्या आसपासच्यांचे प्रश्न घरी घ्यावे लागतील.