पालकांच्या मुलाखती उतरवून देणारी सेवा, विश्रामबाग, सांगली

वर्तन-विश्लेषणात, म्हणजे वागणं का घडतं हे तपासून ते बदलण्याच्या शास्त्रात, वागणं किती बदललं याच्या नुसत्या आलेखाने भागत नाही. उपचार घरच्यांना पटला का, झेपला का, हे विचारावंच लागतं. या शास्त्रातले अमेरिकी संशोधक मॉन्ट्रोज वुल्फ यांनी १९७८ मध्येच याचा, म्हणजे 'सामाजिक ग्राह्यते'चा, आग्रह धरला होता. ही सेवा अशा मुलाखती वेळेत उतरवते, नावांऐवजी संकेत वापरते. गोची एकच: बोली 'सुधारतात'. 'पोरगं लई आरडतंय, मग मोबाइल द्यावा लागतोय' याचं 'मुलगा खूप रडतो' होतं. आरडण्याचं रडणं झालं, वर मोबाइल गळाला. म्हणजे वर्तनामागून येणारा परिणामच गेला. मग कोडिंग, म्हणजे बोलण्यातल्या मुद्द्यांना विषयवार खुणा देणं, कशाचं करायचं? काम देताना 'जसंच्या तसं, विराम आणि हसण्यासकट' असं लेखी द्या. प्रत्येक मुलाखतीतली मधली ५ मिनिटं मूळ आवाजाशी ताडून पाहा. रेकॉर्डर पंख्याखाली ठेवला असेल, तर मात्र दोष त्यांचा नाही.