अवे मॅचच्या तिकिटाचे लॉयल्टी पॉइंट्स: सात सीझन वापरून लिहिलेला रिव्ह्यू (5 पैकी अडीच स्टार)

क्लबचं नाव लिहीत नाही. उत्तर इंग्लंडमधला प्रीमिअर लीगचा क्लब आहे एवढं पुरे, कारण आमच्या वॉर्डात अर्ध्या लोकांकडे तिथलं सीझन तिकीट आहे आणि मला त्यांच्यासोबत नाइट शिफ्ट काढायच्यात. मी कोल्हापूरची, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स. (मैत्रिणींशी बोलताना अजून ‘मी गेलो, मी आलो’च म्हणते, इथे तेवढं शुद्ध लिहिते.) फुटबॉलचा नाद शाहू स्टेडियमवर लागला, तिथे पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की कोण कुठल्या पेठेचा ते न विचारता कळतं. इथे मात्र तुम्ही किती कट्टर आहात हे क्लबचा कॉम्प्युटर सांगतो, आकड्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अवे मॅच म्हणजे आपला क्लब दुसऱ्याच्या मैदानावर पाहुणा म्हणून खेळतो ती. प्रीमिअर लीगच्या नियमाने पाहुण्या क्लबला 3,000 तिकिटं द्यावी लागतात, आणि स्टेडियम 30,000 पेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या 10 टक्के. बॉर्नमथ क्लबचं मैदान 11 हजारांच्या आसपासचं, म्हणजे तिथे अकराशेच्या आसपास तिकिटं, तीही खेळाडूंच्या घरचे आणि स्टाफ यांचा वाटा काढायच्या आधी. आता आमच्यासारख्या क्लबचे सीझन तिकीटवाले हजारोंनी, वर माझ्यासारखे मेंबर वेगळे, मग ही अकराशे तिकिटं वाटायची कशी? तर पॉइंट्सवर. आमच्याकडे घरच्या लीग मॅचला 2, अवेला 5, युरोपातल्या अवेला 10. गेल्या चार सीझनची बेरीज धरतात. विक्री टप्प्याने उघडते, सोमवारी 500 च्या वरचे, मंगळवारी 400 च्या वरचे, असं उतरत उतरत तिकिटं संपतात तिथे रेषा. गेल्या सीझनला लंडनच्या एका मॅचची रेषा 290 वर थांबली आणि बॉर्नमथची 480 वर. माझे पॉइंट्स 147.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच आहे. 2016-17 च्या सीझनपासून प्रीमिअर लीगमध्ये अवे तिकिटाला 30 पाउंडांची मर्यादा आहे, शेजारच्या ब्लॉकमधला घरचा प्रेक्षक त्याच मॅचला दुप्पट देत असेल तरी. ही मर्यादा आपोआप नाही आली. चाहत्यांच्या संघटनांनी अवे तिकीट वीस पाउंडांवर आणा म्हणून वर्षानुवर्षं मोहीम चालवली, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलचे हजारो लोक संडरलंडविरुद्धच्या मॅचला 77 व्या मिनिटाला उठून चालते झाले, कारण क्लबने पुढच्या सीझनसाठी 77 पाउंडांचं तिकीट जाहीर केलं होतं. तेव्हा टीम 2-0 ने पुढे होती, लोक गेल्यावर 2-2 झाली, ते असो. मुद्दा असा की तिकीट स्वस्त झालं आणि मागणी वाढली, त्यामुळे आता पैशाने काही होत नाही. कन्सल्टंट डॉक्टर असो की वॉर्डबॉय, 290 ची रेषा दोघांना सारखीच. हे मला मनापासून आवडतं आणि अडीचातले दोन स्टार याचेच आहेत.

आता दुखणं. पॉइंट मिळवायला अवेला जायला हवं आणि अवेला जायला पॉइंट हवेत. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, तसलाच प्रकार. मधली एकच खिडकी म्हणजे लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्या, मंगळवारची रात्र, पाऊस, खालच्या डिव्हिजनचं गाव, मोठे पॉइंटवाले कंटाळा करतात तेव्हा रेषा शंभराच्या खाली येते आणि आमच्यासारख्यांची वर्णी लागते. मी अशा मॅचेस रोटा बदलून बदलून केल्यात, एकदा साडेतीन तास कोचमध्ये, हरलो, परत साडेतीन तास, सकाळी सातला ड्युटी. मिळाले 5 पॉइंट. आणि दर जुलैला चार वर्षांपूर्वीचा सीझन गळून पडतो, म्हणजे वरून तांब्याने पाणी ओतायचं आणि टाकीला खाली भोक. सात सीझन झाले, मी 130 आणि 150 च्या मध्येच तरंगतेय.

युरोपच्या 10 पॉइंटांवर तर माझा खास राग आहे. तिकिटाला तिथेही मर्यादा आहे, यूएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) चॅम्पियन्स लीगचं अवे तिकीट 2024-25 ला 60 युरोवर आणि 2025-26 ला 50 वर आणलं, चांगलं केलं. पण पाहुण्यांना मिळतात स्टेडियमच्या 5 टक्के जागा आणि खरा खर्च विमान, हॉटेल, दोन दिवसांची सुट्टी. म्हणजे पैसा पुढच्या दाराने बाहेर काढला आणि मागच्या दाराने पॉइंट होऊन परत आत आला. शिवाय माझा पासपोर्ट भारतीय. शेजारणीला मिलान म्हणजे स्वस्तातलं विमान आणि एक सॅक, मला मिलान म्हणजे शेंगेन व्हिसा, अपॉइंटमेंट, बँक स्टेटमेंट, आणि बाद फेरीचा प्रतिस्पर्धी ठरल्यापासून मॅचपर्यंत हातात जेमतेम काही आठवडे. एकदाही जमलं नाही. माझी निष्ठा कमी पडली की माझी अपॉइंटमेंट, हे कॉम्प्युटरला कुठे कळतंय.

पण हेही एक वेळ चालवून घेतलं असतं. सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे, आमच्याकडे पॉइंट तिकीट विकत घेतल्याचे मिळतात, गेल्याचे नाही. त्यामुळे वरच्या यादीत बरेच जण असे की तिकीट घ्यायचं, पॉइंट जमा, आणि तिकीट पुतण्याला, मित्राला, ओळखीच्याला. आता तिकीट फोनवर असतं तर लोक जुना फोनच देऊन टाकतात हातात. ‘सोल्ड आऊट’ म्हणून जाहीर झालेल्या मॅचला मी अवे एन्डमध्ये (पाहुण्यांच्या स्टँडमध्ये) रिकाम्या खुर्च्या मोजल्यात. आपल्याकडे वारीत दिंड्यांचे नंबर ठरलेले असतात, रथापुढची अमुक, रथामागची तमुक, कोणी मध्ये घुसत नाही आणि नव्या दिंडीने मागेच चालायचं हे सगळ्यांना मान्य असतं. पण नंबर आपला आणि चालायला भाड्याचा माणूस असं तिथे कोणी करत नाही ना.

हे सगळं मी फार तावातावाने बोलायचे, शेजारचे आजोबा भेटेपर्यंत. (आजोबा मी मनात म्हणते, तोंडावर इथल्या रीतीने नावानेच हाक मारते, ते मला ‘लव्ह’ म्हणतात, इथे भाजीवालासुद्धा म्हणतो.) वय 74, सत्तरच्या दशकापासून अवेला जाताहेत, मिनीबसमधून, ट्रकमधून, एकदा म्हणे बर्फात अडकून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. त्यातलं काहीही कॉम्प्युटरमध्ये नाही कारण तेव्हा कॉम्प्युटर नव्हता आणि असता तरी चार सीझनच्या पलीकडचं धरत नाहीत. त्यांचे 560 पॉइंट. आणि दोन्ही गुडघे गेलेले. तरी प्रत्येक अवेचं तिकीट घेतात आणि वर्षातून दहा-बारा मॅचेसना स्वतः जाऊ शकत नाहीत. मी विचारलं, मग घेता कशाला? म्हणाले, एक सीझन सोडला तर मी रेषेच्या खाली जाईन, आणि तिथून परत चढायला माझ्याकडे वर्षं कुठे आहेत.

मला काही बोलता आलं नाही. ज्यांना मी शिव्या घालत होते त्यातले ते एक, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

आणि मग अर्थात त्यांनी मला तिकीट देऊ केलं. लंडनची मॅच, 290 वाली. मी दोन मिनिटंसुद्धा नाही म्हटलं नाही. पैसे घेत नव्हते, तसंही परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं इथे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, तर मी भाजणीच्या चकल्यांचा डबा दिला, तो त्यांनी बिअरसोबत संपवला आणि रिकामा डबा धुऊन परत केला. ट्रेनचं तिकीट मी आधीच काढलं होतं, स्वस्तातलं, रद्द न होणारं. मॅचच्या दोन दिवस आधी आजोबांना क्लबचा मेसेज: तुमचं नाव तपासणीत निवडलं गेलंय, तिकीट फोनवर येणार नाही, मैदानावरच्या खिडकीतून फोटो आयडी दाखवून घ्या. घेतलं नाही तर पॉइंट रद्द होतील आणि पुढच्या मॅचेसची बंदी.

आजोबा म्हणाले, मी येतो, खिडकीवर घेतो आणि कोपऱ्यावर तुला देतो. त्या गुडघ्यांनी. मी तिकिटाशिवाय आणि ते तिकिटासाठी, असे दोघं लंडनला गेलो. ट्रेनमध्ये त्यांनी मला सीटवरून उठूही दिलं नाही, चहा स्वतः आणला, अर्धा सांडला. खिडकीवर लाइन, सगळे तसलेच, एक जण तर व्हीलचेअरवरच्या वडिलांना घेऊन आलेला. आयडी दाखवला, तिकीट मिळालं, आणि स्टीवर्ड म्हणाला इकडून या सर, टर्नस्टाइल इकडे. म्हणजे तिकीट हातात आलं की सरळ आत, कोपराबिपरा काही नाही. आजोबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी हात केला, जा म्हणून.

नव्वद मिनिटं मी समोरच्या चिप्सच्या दुकानात बसले. गोल झाला की आधी आवाज यायचा आणि मग चार-पाच सेकंदांनी फोनवर दिसायचा, त्यात आपला की त्यांचा ते आवाजावरून ओळखायचं, 3,000 लोकांचा आवाज वेगळा असतो, बारीक आणि चिरका. दोन वेळा तो आला.

राग कोणावर काढायचा सांगा. तपासणी तर मलाच हवी होती, मीच सगळ्यांना सांगत फिरायचे की आयडी तपासा, जो जाईल त्यालाच पॉइंट द्या. तपासणी बरोबर होती. फक्त जो माणूस पन्नास वर्षं जातोय त्याला चोरासारखं लाइनीत उभं केलं आणि जे जुना फोन देऊन मोकळे झाले त्यांचं नाव निवडलं गेलं नाही, एवढंच. परतीच्या ट्रेनमध्ये आजोबा मॅचबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, मलाच विचारावं लागलं दुसरा गोल कोणी मारला.

लॉटरी करा म्हणणारेही भेटतात. म्हाडाच्या सोडतीचे फॉर्म आमच्या चुलत्यांनी किती वर्षं भरले आणि काय लागलं हे बघितल्यामुळे माझा लॉटरीवर विश्वास बसणं कठीण आहे, तिथे नशीब सगळ्यांना सारखं एवढंच, आणि वीस वर्षं पावसात उभा राहिलेला आणि काल मेंबर झालेला एका बरणीत. पूर्ण लॉटरी मला नको. पण शंभरातली पाच-दहा तिकिटं पॉइंट न बघता मेंबरांना सोडतीने दिली तर आमच्यासारख्यांना निदान दार दिसेल. बाकी पॉइंट गेटवर स्कॅन झाल्यावर द्या, युरोपला आणि कपला सारखेच द्या. आणि मुख्य म्हणजे, जाता येत नसेल तर तिकीट क्लबला परत करायची सोय करा आणि परत करणाऱ्याचे निदान अर्धे पॉइंट राहू द्या, ते तिकीट खालच्या रेषेवाल्याला जाईल. आज परत केलं तर आमच्याकडे शून्य मिळतात, म्हणून कोणी परत करत नाही, म्हणून फोन फिरतात. इतकी साधी गोष्ट तिकीट ऑफिसला मी ईमेलने लिहिली, उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

नवीन मंडळींसाठी एवढंच: मेंबरशिप सीझन सुरू व्हायच्या आधी घ्या, घरच्या मॅचेसचे 2-2 गोळा करा, लीग कपची मंगळवारची रात्र सोडू नका, गरम मोजे घ्या. बॉर्नमथचं स्वप्न बघू नका.

आजोबांच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आलीये, फेब्रुवारीतली. सहा आठवडे घरात. काल कॅलेंडर घेऊन आले होते, त्या सहा आठवड्यांत अवे मॅचेस तीन आहेत, त्यातली एक मंगळवारची. तिकिटं तिन्ही घेणार आहेत. मी त्या मंगळवारचा ऑफ मागून ठेवलाय.