स्वस्तातला व्हीपीएस, काही महिन्यांनंतर: डिस्क अर्धी रिकामी, तरी जागा नाही

हा भाड्याने घेतलेल्या व्हीपीएसचा (एका मोठ्या यंत्राचा वाटून दिलेला भाग, म्हणजे आभासी सर्व्हर) अनुभव. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तयार इमेजचा (आधीच सगळं बसवून दिलेल्या सिस्टमचा) असा घोळ दुसरीकडेही सापडेल. प्लॅन सगळ्यांच्या ओळखीचा: १ जीबी रॅम, २० जीबी एसएसडी, डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि वर एका क्लिकवर मिळणारी एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी (साइटची भाषा), मारियाडीबी (डेटाबेस) यांची तयार इमेज. त्यावर दोन छोट्या साइट्स. सुरुवातीचे महिने इतके शांत गेले की हा अनुभव लिहायचं कारणच नव्हतं.

मग एके दिवशी लॉगिन होईना, फोटो अपलोड होईना, बाकी पानं मात्र झकास उघडत होती. साइट चालू आहे की नाही हे पाहणारी सेवाही हिरवा दिवा दाखवत बसली होती, कारण ती फक्त मुख्य पान उघडून पाहते. लॉगमध्ये एकच रडगाणं: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डीएफ -एच (डिस्कची जागा दाखवणारी आज्ञा) मारलं तर डिस्क जेमतेम निम्मी भरलेली.

कंपनीकडे तिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं. उत्तर आलं: मोठा प्लॅन घ्या. सोबत त्यांच्याच पॅनलमधला डिस्कचा ग्राफ जोडलेला, आणि त्यातही डिस्क निम्मीच! निम्मी डिस्क रिकामी असताना आणखी डिस्क विकत घ्यायला सांगणाऱ्या माणसाशी काय बोलणार?

खरं दुखणं डीएफ -आय मारल्यावर दिसलं: आयनोड, म्हणजे डिस्कच्या वहीतल्या फाइलच्या नोंदी, १०० टक्के संपलेले. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टममध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि ते किती असतील हे फाइल सिस्टम तयार करतानाच ठरतं. नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक, म्हणजे २० जीबीला साधारण १३ लाख. गोदाम निम्मं रिकामं, पण नोंदवहीत पानच उरलेलं नाही, असा प्रकार. गंमत म्हणजे लॉग लिहिले जातच होते, कारण जुन्या फाइलच्या शेवटी ओळ जोडायला नवा आयनोड लागत नाही. नवी फाइल लागणारं सगळं मात्र अडलं: सेशन (लॉगिन लक्षात ठेवणारी तात्पुरती फाइल), अपलोड, लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढणारं), सर्टबॉट (साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र नवं करणारं).

एवढे आयनोड खाल्ले कोणी? डीयू या आज्ञेला आयनोड मोजायला लावलं तर एका फोल्डरात लाखो सेशन फाइल्स, बहुतेक शून्य बाइटच्या. बॉट कुकी सांभाळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक भेटीला पीएचपी नवं सेशन उघडतं. रिकामी फाइल डेटाची जागा घेत नाही, आयनोड मात्र घेतेच. म्हणून ग्राफ हलला नाही.

आता मुख्य राग. डेबियनवर पीएचपी स्वतः जुनी सेशन्स साफ करत नाही, ते काम एका टायमरकडे दिलेलं आहे. तो दर तासाच्या ९व्या आणि ३९व्या मिनिटाला झाडू मारतो, पण फक्त पीएचपी-आयएनआय या मुख्य सेटिंग फाइलमध्ये लिहिलेल्या फोल्डरात. या कंपनीच्या इमेजने सेशनचं फोल्डर बदललं ते पीएचपी चालवणाऱ्या एफपीएम सेवेच्या वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये, म्हणजे पूल फाइलमध्ये. तिथे टायमर बघतच नाही. म्हणजे कचरा टाकायची जागा बदलली आणि झाडूवाल्याला कळवलंच नाही. मोठा प्लॅन घेतला असता तर डिस्कच्या प्रमाणात आयनोड वाढले असते आणि हीच रड काही महिन्यांनी पुन्हा, जास्त पैसे मोजून. हे सगळं तिकिटात लिहून पाठवलं. उत्तर: 'अप्लिकेशनच्या अडचणी आमच्या कक्षेत येत नाहीत.' इमेज तुमची, पूल फाइल तुमची, आणि अडचण माझी!

दुरुस्ती किरकोळ होती. फाइल पुसणाऱ्या आरएम आज्ञेला तारांकन देऊन उपयोग नाही, 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून शेल हात वर करतं. फाइल शोधणाऱ्या फाइंडला -डिलीट लावायचं, तेही आयओनाइसखाली (डिस्कच्या कामात मागे उभं करणारी आज्ञा), म्हणजे डिस्क गुदमरत नाही. मग पूल फाइलमधली ती ओळ काढली, एफपीएम रीलोड केलं, सेशन्स मूळ फोल्डरात गेली. तेव्हापासून आयनोड १० टक्क्यांच्या आत आहेत.

इथपर्यंतचं मी दोन तारे द्यायच्या तयारीने लिहून ठेवलं होतं. मध्यंतरी संध्याकाळी साइट रखडायला लागली. टॉप या आज्ञेत एसटीचा (आपल्या वाट्याच्या पळवलेल्या सीपीयू वेळेचा टक्का) आकडा २० च्या वर, म्हणजे त्याच यंत्रावरचा कुणीतरी शेजारी सीपीयू ओरबाडत होता. भांडणाची तयारी ठेवूनच तिकीट टाकलं, तर कुणी वाद न घालता त्यांनी सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवला, आयपीसुद्धा तोच ठेवून. माणसं वाईट नाहीत, ठरावीक उत्तरं चिकटवणारी पहिली फळी वाईट आहे. तीन तारे.

बाकीचं थोडक्यात. १ जीबी रॅम पुरते, पण स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) स्वतः बनवा, इमेजमध्ये नाही. नाहीतर रॅम संपली की प्रोग्रॅम मारणारा ओओएम किलर सगळ्यात आधी मारियाडीबीचाच बळी घेतो. एफपीएम ऑनडिमांडवर (गरज पडली तरच प्रोसेस सुरू) ठेवलं की बराच श्वास मिळतो. डेबियन १२ मध्ये लॉग फाइल लिहिणारं आरसिसलॉग मुळात नसतं, त्यामुळे घुसखोरांचे आयपी अडवणारं फेल२बॅन लॉग फाइल सापडत नाही म्हणून सुरूच होत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये बॅकएंड सिस्टमडी करा. आणि फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून त्यांची मुदत संपत आल्याची ईमेल बंद केली आहेत, तेव्हा सर्टबॉट अडलं तर सांगणारं कुणी नाही.

पण पॅनलमध्ये अजूनही आयनोडचा ग्राफ नाही. सीपीयूचा आहे, नेटवर्कचा आहे, डिस्कच्या वाचन-लेखनाचे तर दोन आहेत. डीएफ -आयचा एक आकडा दाखवायला काय खर्च येतो? मी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) ओळभर स्क्रिप्ट टाकली आहे, ८० टक्क्यांवर ईमेल येतं. ग्राफची मागणी करणारं माझं तिकीट त्यांनी 'सोडवलं' म्हणून बंद केलं, मी ते पुन्हा उघडलं आहे. वर्षभराचे पैसे एकदम भरले तर सवलत आहे, पण तो ग्राफ येईपर्यंत मी महिन्याच्या महिन्यालाच भरणार.