एटीए की आयपी फोन? लहान ऑफिससाठी काय घ्यावं

एसआयपी खातं (इंटरनेटवरून फोन करायचं खातं) मिळालं, युजरनेम-पासवर्ड हातात आला, की प्रश्न उरतो यंत्राचा. असलेला टेलिफोन एटीएच्या डबीला (साधा फोन इंटरनेटवर चालवणारी डबी) जोडायचा, की सरळ नेटवर्कवर चालणारा आयपी फोन घ्यायचा? (फायबर येऊन जोडली जाते त्या ओएनटी डबीवर फोनचं पोर्ट असेल आणि एकाच फोनवर भागत असेल, तर दोन्हींच्या भानगडीत पडू नका.) याच खात्यावर मोबाइलमधून बोलू देणारं सॉफ्टफोन ॲप मी मुख्य फोन म्हणून धरत नाही. अँड्रॉइडची बॅटरी बचत त्याला कधी झोपवेल याचा नेम नाही. बाहेरगावी असताना ठीक.

एटीएची बाजू तशी भक्कम आहे. चालू टेलिफोन टाकून द्यावा लागत नाही, कॉर्डलेस तसाच वापरता येतो, वडीलधाऱ्यांना नवं काही शिकावं लागत नाही. घेताना पोर्ट एफएक्सएस आहे ना, एवढं बघा. टेलिफोनला टोन आणि घंटी देतं ते एफएक्सएस. बाहेरून आलेली तांब्याची लाइन जोडायची ती एफएक्सओला. यात दुकानदारांचीही गफलत होते. चकतीचा फोन असेल तर आधी विचारून घ्या, पल्स डायलिंग (चकतीच्या ठोक्यांनी नंबर पाठवणं) बऱ्याच डब्यांना कळत नाही.

आवाजात माझ्या कानाला तरी फरक जाणवला नाही. जी.७११ कोडेक (आवाज डेटात बदलायची पद्धत) ६४ केबीपीएसचा, पॅकेटांचा वरचा डेटा धरून एका कॉलला प्रत्येक दिशेने ८०-९० केबीपीएस लागतात. फायबरवर ते काहीच नाही. आयपी फोनच्या खोक्यावर एचडी आवाज लिहिलेलं असतं, पण पलीकडच्यालाही ते जमत असेल तरच उपयोग.

माझा कल आयपी फोनकडे झुकला तो डायल टोनमुळे. जुन्या लाइनवर टोन एक्स्चेंजमधून यायचा. रिसीव्हर उचलला, टोन ऐकू आला, म्हणजे लाइन चालू, ही खात्री आपल्या अंगात मुरलेली आहे. एटीएत मात्र टोन ती डबीच तयार करते, आणि रजिस्ट्रेशन (कंपनीच्या सर्व्हरवरची डबीची नोंद) तुटलं तरी काही डब्या मूळ सेटिंगवर तो देतच राहतात. आमची त्यातलीच निघाली. बाहेरून येणारे कॉल बंद पडलेले, आणि आम्ही निवांत. रिसेप्शनवरच्या काकू उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "टोन येतोय की!" मग कुणीतरी गिऱ्हाईक मोबाइलवर विचारायचं, "अहो, आज ऑफिस बंद का?"

कारण बहुतेक राउटरमध्ये असतं. रजिस्ट्रेशनची मुदत तासाभराची ठेवलेली असते, आणि राउटर कॉल आत यायची वाट त्याआधीच बंद करून टाकतो. राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलच्या पॅकेटांत फेरफार करणारी सोय) बंद केलं, कीप-अलाइव्हचं (वाट उघडी ठेवायला डबी पाठवते त्या संदेशांचं) अंतर कमी केलं, तेव्हा त्रास बराच आटोक्यात आला. पण अधूनमधून व्हायचा तो व्हायचाच, आणि झाला तरी कळायला मार्ग नाही. डबीवर दिवा असतो, पण डबी असते कपाटामागे. आयपी फोनवर रजिस्ट्रेशन गेलं की समोर स्क्रीनवर दिसतं. आता काकूच आधी सांगतात, "याचं नाव गेलंय हो, बघा जरा."

दुसरी कुरबूर बारीक आहे. एटीएवर नंबर फिरवल्यावर काही सेकंद काहीच होत नाही, कारण आकडे संपले का याची डबी वाट बघते. शेवटी हॅश दाबला की लगेच लागतो. पण ते पाहुण्यांना कोण सांगणार! आयपी फोनवर नंबर दिसतो, खोडता येतो, मग पाठवायचा.

आयपी फोनला खर्च जास्त, हे खरंच. प्रत्येक टेबलापर्यंत केबल हवी. फोनच्या मागच्या पोर्टातून कॉम्प्युटर जोडता येतो, पण स्वस्त मॉडेलमध्ये ते पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणजे कॉम्प्युटरचाही वेग तिथेच अडतो. वीज गेली की दोन्ही गप्प. एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळायचे ते दिवस गेले. पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच फोनला वीज देणारा) घेतलात तर तो, राउटर आणि ओएनटी इन्व्हर्टरवर टाकले की सगळे टेबलफोन चालू राहतात. एटीएला इन्व्हर्टरची वीज लागतेच, शिवाय कॉर्डलेसच्या तळालाही वेगळी द्यावी लागते.

मागच्या गोडाऊनमधला कॉर्डलेस आमच्याकडे अजून त्याच डबीवर आहे, आणि तिथून तो काढायचा माझा विचारही नाही. तिथून फोन फक्त बाहेर जातात. पण येणारा कॉल चुकला तर गिऱ्हाईक जातं, अशा टेबलावर मी तरी स्क्रीनवालाच ठेवीन.