सुती कप, सिलिकॉनचा कप आणि राळ्याची पुरचुंडी : अकरा महिने वापरल्यावर

सांगलीत मी ब्लाउज शिवते, सव्वीस वर्षं झाली. गेल्या वर्षी डाव्या बाजूला गाठ लागली, बायोप्सीत कॅन्सर ठरला आणि मुंबईला टाटामध्ये डावा स्तन पूर्ण काढला. मग केमो, मग रेडिएशन, आता रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी. ऑपरेशनला अकरा महिने झाले. या काळात काढलेल्या स्तनाच्या जागी ब्लाउजच्या आत घालायचे कप आणि इतर मदत म्हणून काय काय हातात आलं, त्यातलं रोजच्या वापरात काय राहिलं आणि कपाटात काय जाऊन पडलं, ते लिहिते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही सगळी मदत फ्री साइजमध्ये येते. आल्टर आपलं आपण करायचं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी साठायची, बाटली कापडी पिशवीत घालून, पिशवी खांद्याला अडकवून मी वॉर्डातल्या बायकांबरोबर कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते. (पिशव्यांची शिलाई बघत होते. सवय.) एक काकू आल्या, पासष्टीच्या, सुती साडी, खांद्याला झोळी. म्हणाल्या, "टेलर आहेस ना तू? मग सांग बघू, माझा कुठला काढलाय?" मला आधी कळेनाच. मग त्या माझ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या, पदर नीट केला, एक गिरकी घेतली. मी पुढून बघितलं, बाजूनं बघितलं आणि म्हटलं, उजवा. त्या हसायला लागल्या. डावा होता, चौदा वर्षांपूर्वी काढलेला. सव्वीस वर्षांत माझी नजर एवढी कधी चुकली नव्हती आणि चुकल्याचा एवढा आनंदही झाला नव्हता. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले.

काकू व्ही केअरच्या स्वयंसेविका होत्या. स्वतः कॅन्सरमधून गेलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली ही संस्था सुरू केली. स्वतः आजार काढलेली माणसंच तिथं पेशंटशी बोलायला येतात, फोनवरही बोलतात. डॉक्टरांना विचारायला लाज वाटते ते सगळं मी काकूंना विचारलं. नवऱ्यासमोर कपडे कसे बदलायचे, हेसुद्धा. पाच पैकी पाच. यात आल्टर काही नाही.

आता कपांकडे येते. टाके पूर्ण भरेपर्यंत सिलिकॉनचा कप लावायचा नाही, दीड-दोन महिने थांबा, असं मला सांगितलं होतं. तोवर सुती. साईशा इंडिया फाउंडेशन म्हणून मुंबईची संस्था आहे, त्यांच्याकडच्या बायका क्रोशानं सुती दोऱ्याचे कप विणतात आणि फुकट देतात. विणकाम उत्तम. टाके एकसारखे, कुठं गाठ टोचत नाही, मागून उघडून आतला कापूस कमी-जास्त करता येतो. साबणाच्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. रेडिएशननं कातडी काळी पडून हुळहुळायला लागली होती, तेव्हा ब्लाउजच्या आत जमेल तेवढा वेळ मी हाच वापरला.

खोट एकच, वजन. वाण्याच्या काट्यावर माझा कप चाळीस ग्रॅम भरला. उजवी बाजू खाली ओढते, डावीला ओढणारं काही नाही, मग हात वर केला की ब्लाउज डावीकडून चढतो. पदर डाव्या खांद्यावर असला तरी त्या बाजूनं ब्लाउज उघडाच दिसतो, त्यामुळे लपत नाही. शिवाय खांदा नकळत उचलून धरायची सवय लागते आणि संध्याकाळी मान धरते.

यावर उपाय आमच्या घरातच होता. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली आपण राळ्याची उशी देतो ना, तशी मलमलची पुरचुंडी शिवली. अडीचशे ग्रॅम राळे, चपटी, कपाच्या आत मागच्या बाजूला खालच्या अर्ध्या भागात बसेल अशी. वरच्या भागात फक्त कापूस ठेवला, कारण खरा स्तनही खालीच भरलेला असतो. ब्लाउज चढायचा थांबला. मशीनवर वाकले तरी कप जागेवर. पावसाळ्यात मात्र फजिती झाली. घामानं आणि दमट हवेनं राळ्यांना वास यायला लागला आणि एक दिवस पुरचुंडीत पोरकिडे निघाले. आता दोन पुरचुंड्या आहेत, एक वापरात, एक उन्हात, आणि राळे महिन्यानं बदलते.

सिलिकॉनचा कप पाच महिन्यांपूर्वी घेतला. दुकानाचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसानं टेप हातात न घेता नुसतं बघून "अंदाजे हाच बसेल" म्हटलं. माझ्यासमोर! मीही दमलेली होते, घेऊन आले. घरी मोजला तर एक नंबर मोठा. बदलून द्यायला त्यांनी नकार दिला आणि काही हजार रुपये पाण्यात गेले. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी आत नेऊन, दोन-तीन घालून बघायला लावून, उजव्या बाजूशी वजन जुळवून दिला. तो चारशे वीस ग्रॅमचा आहे आणि खरंच विसरायला होतं. लग्नाकार्याला, प्रवासाला उत्तम. पण सांगलीच्या एप्रिलमध्ये दुपारी मशीनवर बसून घालून बघा, आतून पाणी वाहतं. रोज संध्याकाळी धुऊन पुसून त्याच्या डब्यातच ठेवावा लागतो. दुकानात सुया-टाचण्यांचा पसारा, एक टोचली की संपलं. म्हणून कामावर सुती, बाहेर सिलिकॉन.

हातालाही तेच, आल्टर आपलं आपणच. काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते, त्या हातावर बीपी, सलाइन नको, जखम होऊ देऊ नका, असं बजावलं होतं. टेलरणीला जखम होऊ देऊ नका! आता डाव्या हाताला अंगुस्तान आणि इस्त्री करताना पातळ मोजा. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितला होता, तो मी टेलरच्या खडूनं खुणा करून केला. पहिल्या दिवशी बोटं छातीच्या उंचीला थांबली. दर रविवारी नवी रेघ मारायची. अजून त्या रेघा आहेत, घरच्यांना भिंत पुसू दिलेली नाही.

बाकीचं थोडक्यात. हॉस्पिटलातल्या मेडिकल सोशल वर्करच्या टेबलावर फाइल निघाली त्याच दिवशी जा. मी तीन आठवड्यांनी गेले, तोवर लॉजवर आणि तिकिटांवर पैसे उधळून झाले होते. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्याला पंचाहत्तर टक्के. हॉस्पिटलनं भरून दिलेला फॉर्म लागतो. मग आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसून सकाळी दादरला उतरायला लागलो. राहायला परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. जागा मिळेलच असं नाही, पण यादीत नाव तरी लागतं. महात्मा फुले योजनेसाठी हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते घरून निघतानाच बघा. माझ्या आधारवर माहेरचं आडनाव होतं, दोन दिवस त्यात गेले.

विग एकदाच घातला. डोक्याला खाज आणि दुकानात आलेली प्रत्येक बाई केसांचंच कौतुक करणार. जुन्या सुती साडीचा स्कार्फ बरा पडला.

आणि कॅन्सरवर गुणकारी म्हणून लोक सांगतात ते लक्ष्मणफळ. पानांचा काढा, फळाचा गर, पावडर, सगळं दारात आलं. एका मावसदिरांनी तर केमो थांबवून हाच घे म्हणून दोन तास समजावलं. डॉक्टरांना विचारलं, ते नको म्हणाले. फळ नातवंडांनी खाल्लं, पावडर कुंडीत गेली. शून्य स्टार, मावसदिरांना चहाचे दोन.

ब्लाउजला आतून खिसा कसा शिवायचा ते तिघीजणींनी विचारलंय म्हणून लिहिते. काखेच्या बाजूनं उघडा ठेवा, वरून नको, म्हणजे वाकल्यावर कप बाहेर येत नाही. कपाच्या रुंदीपेक्षा दीड इंच जास्त धरा. खालची शिलाई दुहेरी घाला, वजन तिथंच येतं. आणि खिशाची मलमल आधी रात्रभर भिजवून आटवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात खिसा आखडतो आणि कप आत जात नाही.